मधल्या सुट्टीचा हिशेब

१० रुपये १७ पैसे. सहावी ते आठवीतल्या एका मुलाला शाळेत एक वेळ जेवू घालण्यासाठी मे २०२५ पासून सरकारने ठरवलेला हा दर. डाळ, भाजी, तेल, मीठ-मसाला आणि इंधन एवढ्याचाच हा खर्च आहे. धान्य केंद्राकडून फुकट येतं आणि खिचडी शिजवणाऱ्या बाईंचं तुटपुंजं मानधन वेगळं दिलं जातं. त्या मुलाच्या ताटात १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी पडावी आणि त्यातून ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा नियम आहे. प्रत्यक्षात ती रोज मिळतात का, हा वादाचा विषय. पण कागदावरचा क्रम बघण्यासारखा आहे. आधी भूक ठरली, मग धान्य ठरलं, सगळ्यात शेवटी पैसे ठरले.

आपल्या घरात हा क्रम नेमका उलटा असतो. मूल आठवी पास होऊन नववीत जातं आणि सरकारी-अनुदानित शाळेतली ती खिचडी थांबते, कारण योजना आठवीपर्यंतच आहे. खासगी विनाअनुदानित शाळेत तर ती कधी नव्हतीच. मग जूनमधल्या एखाद्या सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता प्रश्न येतो, "मला रोज किती देणार?" खिशात हाताला लागेल ती नोट पुढे होते. वीसची निघाली तर वीस, पन्नासची निघाली तर पन्नास. कुठे शेजारच्या मुलाला किती मिळतात ते विचारून आकडा ठरतो, कुठे "आमच्या वेळी आठ आणे मिळायचे" हे ऐकवून. या तिन्ही रीतींत मुलाच्या पोटाला कुणी विचारलेलंच नसतं.

तेव्हा सरकारचा क्रम घरी आणून बघू.

आधी घड्याळ

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या तक्त्यानुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे २,८६० कॅलरी लागतात आणि मुलीला २,४००. त्याच तक्त्यात बैठं काम करणाऱ्या प्रौढ पुरुषाला २,११० पुरतात. म्हणजे नववीतला मुलगा ऑफिसात बसणाऱ्या बापापेक्षा जास्त खातो, तेव्हा तो हावरटपणा नसतो. हाडं, स्नायू, रक्त, सगळंच त्या चार-पाच वर्षांत वाढत असतं. "आत्ताच तर जेवलास!" हे वाक्य या वयात निम्म्या वेळा चुकीचं ठरतं.

पण दिवसभराची गरज कळून खिशातल्या पैशाचा आकडा निघत नाही. त्यासाठी मूल घराबाहेर किती तास असतं आणि त्यात कोणत्या वेळी पोट रिकामं असतं, हे बघावं लागतं. आपल्याकडे माध्यमिक शाळांचे ढोबळ तीन प्रकार दिसतात.

पहिला, सकाळची शाळा. सातला सुरू, साडेबाराच्या सुमाराला सुटणार. मधली सुट्टी साडेनऊ-दहाला, घर जवळ असेल तर एक वाजता गरम जेवण. या मुलाला दुपारचं जेवण विकत घ्यायचंच नसतं. त्याला लागतो फक्त दहाच्या सुट्टीतला भरपेट नाश्ता. तो डब्यातून येऊ शकतो, कारण पोहे-उपमा नाहीतर पोळीचा रोल सकाळी सहालाही होतो.

दुसरा, दुपारची शाळा आणि त्याला जोडून क्लास. साडेअकराला घरी जेवण, साडेबारा ते पावणेसहा शाळा, तीनच्या सुट्टीत डब्यातले चार घास, साडेसहा ते साडेआठ क्लास, घरी पोचेपर्यंत नऊ. साडेनऊ तासांच्या या फेरीत खरी भूक लागते ती शाळा सुटल्यावर, सहाच्या आसपास. डबा केव्हाच संपलेला असतो. पालक "लंचचे पैसे" म्हणून जे देतात, ते बहुतेक वेळा या सहाच्या भुकेवर खर्च होतात आणि ते योग्यच आहे. फक्त ही गोष्ट घरात कुणाला माहीत नसते.

तिसरा, गावाहून एसटीने येणारं मूल. साडेआठला घर सोडायचं, साडेदहा ते पाच शाळा, गाडी वेळेवर आली तर साडेसहाला घरी. दहा तासांत एकच डबा. या मुलाचा प्रवास आणि खाणं यांचे पैसे कधीही एकत्र देऊ नयेत. मुलींना एसटीचा पास मोफत आहे, मुलांना सवलतीचा मिळतो. तरी गाडी चुकल्यावर वडापला द्यायचे पैसे जर खाण्याच्या पैशातच असतील, तर मूल एक तर उपाशी राहील किंवा रस्त्यावर अडकेल. ही अडीअडचणीची नोट वेगळी घडी घालून कंपासपेटीच्या तळाशी ठेवावी आणि तिला हात लावल्याचं घरी सांगायचं, एवढा एकच नियम करावा.

मग फाटकासमोरचे भाव

भुकेची वेळ कळली की पुढचं काम म्हणजे शाळा सुटायच्या वेळेला एकदा स्वतः फाटकाबाहेर जाऊन उभं राहायचं. कॅन्टीनचा दरफलकही वाचायचा. वडापाव १५ ला आहे की २० ला, इडलीची प्लेट केवढ्याला, केळ्याची गाडी आहे का, उकडलेली अंडी कुणी विकतं का, हे वहीत लिहून आणावं. पुण्यातला आकडा परभणीला लागू पडत नाही, आणि एकाच शहरात दोन शाळांच्या बाहेरही भाव वेगळे असतात. म्हणून "नववीच्या मुलाला रोज अमुक रुपये" असं कोणी छातीठोक सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नये.

भाव बघताना त्या पैशात काय मिळतं तेही बघावं. एका वडापावातून साधारण ३०० कॅलरी मिळतात. त्यांतल्या बऱ्याच तेलातून आणि मैद्यातून येतात, पण भूक भागते हे खरं. एका केळ्यात शंभरच्या आसपास कॅलरी. एका उकडलेल्या अंड्यात सत्तर-ऐंशी कॅलरी आणि ६ ग्रॅम प्रथिनं. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम भाजलेल्या शेंगदाण्यांत १७० कॅलरी आणि जवळपास ७ ग्रॅम प्रथिनं. पाव लिटर थंड पेयाच्या बाटलीत मात्र २५ ग्रॅमच्या वर साखर, म्हणजे पाच-सहा चमचे, आणि बाकी पाणी. ती पिऊन पोट भरल्यासारखं वाटतं, पण क्लासमध्ये तासाभरात पुन्हा कावळे कोकलायला लागतात.

आणि पाच-दहा रुपयांचा पुडा? वर्षानुवर्षं त्याची किंमत पाच आणि दहाच राहते, कारण मुलाच्या मुठीत तेच नाणं असतं हे कंपन्यांना ठाऊक असतं. किंमत हलत नाही, आतलं वजन हळूहळू कमी होत जातं. महागाई झाली हे मुलाला कळतच नाही. एकऐवजी दोन पुडे लागायला लागतात, एवढंच.

कायदा काय म्हणतो? अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार जास्त चरबी, साखर किंवा मीठ असलेले पदार्थ शाळेच्या कॅन्टीनमध्ये आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. महाराष्ट्र सरकारने त्याआधीच, २०१७ मध्ये, शाळांच्या कॅन्टीनमधून असे पदार्थ काढायला सांगितलं होतं. तंबाखूजन्य पदार्थांना तर २००३ च्या कायद्याने शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत मज्जाव आहे. पण ५० मीटर म्हणजे मुलाच्या पावलांनी मिनिटभराचा रस्ता. नियमाने गाडी थोडी लांब गेली तरी मूल तिथे पोचतंच. त्यामुळे वहीतला भाव त्या लांबच्या गाडीचाही असायला हवा.

पंधरा रुपयांचा डबा

आता घरच्या डब्याचा हिशेब मांडू. समजा कणीक ४० रुपये किलो, भाजी ६०, तेल १५० आणि शेंगदाणे १४० रुपये किलो. तीन पोळ्यांना ९० ग्रॅम कणीक, म्हणजे ३ रुपये ६० पैसे. १०० ग्रॅम भाजीचे ६ रुपये. १० ग्रॅम तेलाचा दीड रुपया. १५ ग्रॅम दाण्याच्या चटणीचे दोन-सव्वादोन रुपये. गॅस धरून सगळे मिळून १५ रुपये. त्यात सुमारे ५०० कॅलरी. बाहेर तेवढ्याच कॅलरीला दीड-दोन वडापाव लागतील, म्हणजे ३० ते ४० रुपये, आणि तरी भाजी पोटात गेलेली नसेल.

सरकारला १० रुपये १७ पैशांत जेवण घालता येतं आणि आईला १५ रुपयांत डबा करता येतो, याचं एक मोठं कारण आहे. दोन्हीकडे स्वयंपाक करणाऱ्या हातांची मजुरी या आकड्यात नाही. पहाटे पाचला उठून कणीक मळणारी बाई हिशेबात शून्य रुपयांना धरलेली आहे. म्हणून "डबाच स्वस्त" हे वाक्य उच्चारण्याआधी तो भरतो कोण, हेही विचारावं. चौदा वर्षांचं मूल स्वतःचा डबा भरू शकतं. पोळीला तूप-चटणी लावून गुंडाळी करणं, रात्रीची मटकीची उसळ डब्यात घालणं, फुटाणे-शेंगदाण्यांची पुरचुंडी बांधणं, याला कुठला क्लास लागत नाही. बाबांनाही लागत नाही.

ज्या घरात दोघंही सकाळी सहाला बाहेर पडतात आणि डबा शक्यच नाही, तिथे पूर्ण जेवणाचे पैसे द्यावेत आणि मनात अपराधीपणा ठेवू नये. फक्त ते पैसे रोज उघड्यावर खर्च होण्याऐवजी जवळच्या पोळी-भाजी केंद्रात किंवा शाळेच्या कॅन्टीनमध्ये महिन्याचं खातं लावता येतं का ते बघावं. जेवण ठरलेलं असलं की मुलाला रोज दुपारी निवडीची परीक्षा द्यावी लागत नाही.

आकडा कसा निघतो

वरच्या सगळ्यातून एक साधी मांडणी हाती येते. डबा जी भूक भागवत नाही, तेवढ्याच भुकेचे पैसे द्यायचे. त्यात सोबतीचा छोटा वाटा मिळवायचा. अडचणीची नोट वेगळी ठेवायची.

सोबतीचा वाटा हा चैनीचा खर्च नाही. या वयात मित्रांबरोबर भेळ खाणं हेही शाळेत शिकण्यासारखंच असतं. वाढदिवसाला सगळे "पार्टी दे" म्हणतात, चौघं मिळून एक मिसळ घेतात. अशा वेळी दर वेळी "मला नको, पोट भरलंय" म्हणणारं मूल बहुतेकदा पोट भरलं म्हणून तसं म्हणत नसतं. पण हा वाटा भुकेच्या वाट्यापेक्षा लहान असावा, आणि तो कशासाठी आहे ते मुलाला स्पष्ट सांगावं.

दुपारची शाळा आणि क्लास असलेल्या मुलाचं उदाहरण घेऊ. तीनच्या सुट्टीसाठी डबा आहे. सहाच्या भुकेला रोज ३० रुपये, म्हणजे एखादा वडापाव आणि केळं, किंवा दोन अंडी आणि केळं. पाच दिवसांचे १५०. सोबतीचे आठवड्याला ४०. झाले १९०, वरचे दहा धरून २००. डबा अजिबात नसेल आणि जेवण ६० रुपयांना पडत असेल, तर पाच दिवसांचे आणखी ३००, म्हणजे आठवड्याला पाचशे. उलट सकाळच्या शाळेतल्या, घर जवळ असलेल्या मुलाला डब्यानंतर फक्त सोबतीचे चाळीसच पुरतात. एकाच इयत्तेतल्या तीन मुलांचे हे तीन वेगळे आकडे आहेत आणि तिन्ही बरोबर आहेत. म्हणूनच "त्याला पाचशे मिळतात, मला दोनशेच का?" याचं उत्तर "आपली परिस्थिती नाही" असं देण्याआधी "त्याला डबा नसतो, तुला असतो" हे सांगून बघावं. बऱ्याचदा तेच खरं असतं. आणि परिस्थितीच नसेल, तर तेही सरळ सांगावं. नववीतल्या मुलाला घरातल्या पैशाची कल्पना आपल्याला वाटते त्यापेक्षा जास्त असते. हात आखडता असेल तेव्हा सहाच्या भुकेचे ३० रुपये वाचवायला घरच्या शेंगदाणे-गुळाइतकं दुसरं काही कामाला येत नाही.

मुलगा आणि मुलगी असतील तर आकड्यात फरक पडतो तो वेळापत्रकामुळे पडावा, दुसऱ्या कशामुळे नाही. मुलीला कॅलरी कमी लागतात म्हणून पैसेही कमी, हा हिशेब फसवा आहे. १३ ते १५ वयात मुलाला रोज २२ मिलिग्रॅम लोह लागतं, तर मुलीला ३०. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचं आढळलं. याच वयाच्या मुलग्यांत हे प्रमाण ३१ टक्के होतं. लोह भजीतून फारसं मिळत नाही. ते मिळतं पालेभाजीतून, मोड आलेल्या कडधान्यांतून, अहळिवाच्या लाडवातून, आणि त्यावर लिंबू पिळलं किंवा पेरू-आवळा खाल्ला तर ते शरीरात नीट शोषलं जातं. "तू घरी येऊन खा, त्याला क्लास आहे" हे वाक्य घरात ऐकू येत असेल, तर मुलीचा डबा एकदा उघडून बघायला हवा.

रोज, आठवड्याने की महिन्याने?

रोज दिलेले पैसे रोज संपतात. त्यात शिकण्यासारखं काही नसतं आणि पालकांना सुटे शोधत बसावं लागतं. एकदम महिन्याचे दिले तर पहिल्या दहा दिवसांत जत्रा होते आणि पुढचे वीस दिवस उधारी. नववीच्या मुलाला आठवड्याचा पल्ला झेपतो. रविवारी संध्याकाळी, सुट्या नोटांत, न मागता द्यावेत. मागावे लागले की ते उपकार होतात.

बुधवारीच संपले तर? पुन्हा देऊ नयेत. हे कठोर वाटतं, पण डबा आणि पैसा वेगळे ठेवण्याचा खरा फायदा इथेच कळतो. डबा असल्यामुळे मूल पूर्ण उपाशी राहत नाही, आणि पैसे संपल्यामुळे त्याला स्वतःची चूक समजते. क्लासचे दोन दिवस घरच्या शेंगदाण्यांवर काढले की पुढच्या सोमवारी हात आपोआप आवरतो. चूक करायची मुभा आणि तिची झळ पोटाला न लागण्याची हमी, या दोन्ही गोष्टी मिळाल्या तरच पैशाचं शिक्षण होतं. जिथे डबा नाही तिथे मात्र हा नियम लावू नये. तिथे जेवणाचे पैसे रोज किंवा खात्यातून द्यावेत, आणि फक्त वरचे आठवड्याने.

उरले तर ते मुलाचे. "उरले ना, मग पुढच्या आठवड्यात कमी देतो" असं केलं की मूल काटकसर सोडून देतं, आणि त्याचं काही चुकत नाही. पूर्वी अनेक शाळांत संचयिका चालायची. मुलं नाणी जमा करायची आणि छोट्या पासबुकात नोंद व्हायची. आज त्यासाठी बँक आहे. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२५ च्या सूचनेनुसार दहा वर्षांवरच्या मुलाला, बँकेने घातलेल्या मर्यादेत, बचत खातं स्वतः चालवता येतं. मात्र मूल सगळेच पैसे साठवायला लागलं तर शाबासकी देण्याआधी ते सहाला काही खातंय ना, हे बघावं. मोबाइलच्या हव्यासापायी महिनाभर न खाणारी मुलं असतात.

यूपीआयने द्यावेत का? २०२४ पासून घरातल्या एकाच्या खात्यावरून दुसऱ्याला मर्यादित खर्च करू देण्याची सोयही त्यात आली आहे. पण बहुतेक शाळांत मोबाइल नेता येत नाही. शिवाय नोट हातातून जाताना जे जाणवतं, ते स्कॅन करताना जाणवत नाही. नववी-दहावीपर्यंत रोख, अकरावीत कॉलेज सुरू झालं की फोन, ही वाटणी पुरेशी आहे.

दोन गोष्टी मात्र कधीच करू नयेत. गुण कमी पडले म्हणून खाण्याचे पैसे कापू नयेत आणि गुण चांगले पडले म्हणून ते वाढवू नयेत. भुकेचा आणि गणिताच्या पेपरचा संबंध नाही. बक्षीस द्यायचं तर वेगळं द्यावं. दुसरं, रोज संध्याकाळी "काय खाल्लंस, कितीला?" अशी उलटतपासणी करू नये. त्याने मूल खरं सांगायचं थांबतं. डबा परत आला तर तो भरलेला आहे की रिकामा, एवढं बघितलं तरी आठवड्याभराची बातमी कळते.

वर्षातून दोनदा, जूनमध्ये शाळा उघडताना आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर, वही पुन्हा उघडावी. वडापाव दोन रुपयांनी महागला असेल, क्लासची वेळ बदलली असेल, मूल चार बोटं उंच झालं असेल. हा हिशेब मुलाला शेजारी बसवून करावा, पेन्सिल त्याच्याच हातात द्यावी. किती तास, कोणती भूक, काय भाव, किती दिवस, या क्रमाने आकडे मांडले की बेरीज तोच करेल. मुलं या कामात प्रामाणिक असतात. मागितलेल्या रकमेपेक्षा पाच-दहा रुपये कमीच निघाले, असं स्वतः सांगणारी मुलंही भेटतात.

एवढं करूनही आकडा दहा-वीस रुपयांनी चुकला तर बिघडत नाही. सकाळी चपला घालताना घाईत पुढे केलेल्या नोटेपेक्षा तो नक्कीच बरोबर असेल. तेव्हा येत्या रविवारी फाटकासमोरचे भाव लिहिलेली वही आणि शाळेचं वेळापत्रक घेऊन दोघं बसा, आणि नोट काढण्याआधी त्याला एवढंच विचारा: तुला भूक किती वाजता लागते?